पट्ट्यांची वाद्ये आणि स्वयंभू गांधार

गेल्या वर्षी शाळा उघडून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हाची ही हकीकत आहे. सकाळच्या प्रार्थनेसाठी गायकवृंदात नव्या मुलामुलींची निवड चालली होती. आपल्या शाळेत संगीताचे शिक्षक त्या वेळी रजेवर असल्याने, वरच्या वर्गांस पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकावर ते काम येऊन पडले; कारण एवढेच, की लहानपणी चार वर्षे पेटी शिकल्यामुळे सिंथेसायझरवर बोटे फिरविता येतात. सातवीतील एक विद्यार्थिनी भूप रागातील एक प्रार्थना म्हणू लागली. आवाज मोकळा होता, शब्दोच्चार स्वच्छ होते. परंतु ती गांधारावर येऊन स्थिरावली, की माझ्या पट्टीशी तिचे काहीतरी खटके. मी तिला दोनदा थांबविले आणि म्हटले, "बाळ, तुझा गांधार उतरतो आहे. पट्टीकडे कान दे." तिसऱ्या खेपेस तिने गांधार ओढूनताणून वर नेला. तो पट्टीशी मिळाला खरा, परंतु गाण्यातील गोडवा निघून गेला. तिची निवड झाली नाही.

पुढे चारच दिवसांनी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली. विश्रांतवाडीच्या मुलांस हा सोहळा नवा नाही. आळंदी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांच्या भिंती उभ्या राहतात आणि दिंड्यांमागून दिंड्या पुढे सरकत असतात. अशाच एका दिंडीत त्या मुलीचे आजोबा गळ्यात वीणा घेऊन चालले होते. विसाव्यासाठी दिंडी थांबली तेव्हा त्यांनी मला ओळखले. निवडीविषयी त्यांच्या मनात राग दिसला नाही. ते हसून एवढेच म्हणाले, "माउली, पोरगी माझ्या वीण्याबरोबर म्हणते तेव्हा कुठं खटकत नाही. तुमच्या पेटीचं काय असंल ते पेटीलाच विचारा."

मी घरी आलो, कागद-पेन्सिल घेतली आणि खरोखरच पेटीला विचारू लागलो. त्या चौकशीत जे हाती लागले, ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे.

प्रथम हिशेब. आपल्याकडील संगीताच्या पुस्तकांत मध्य षड्जाची कंपने सेकंदास २४० धरण्याची वहिवाट आहे; सोयीसाठी आपणही तीच धरू. षड्जाशी पूर्णपणे एकरूप होणारा शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा असतो. हा सव्वापटीचा आकडा कोणी पंडिताने घरी बसून ठरविलेला नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, की तिच्यातून केवळ १२० कंपनांचा खर्ज निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही त्याच क्षणी निघत असतात. पाचपट म्हणजे ६००, आणि ६०० म्हणजे वरच्या सप्तकातील गांधार. तंबोऱ्यावर गांधाराची तार नसते, तरी जवारी नीट लागलेली असेल तर तो गांधार आपोआप ऐकू येतो. म्हणूनच आपले गवई त्याला 'स्वयंभू गांधार' म्हणतात. ह्या स्वराला कोणी जन्म दिलेला नाही, तो तारेतच असतो, हा त्या नावाचा अर्थ.

आता सिंथेसायझरकडे वळू. त्याच्या पट्ट्यांत सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९४६ पट. षड्जापासून चार पट्ट्या वर गेले की गांधार येतो, आणि त्याची कंपने भरतात ३०२.४ इतकी. तीनशे आणि तीनशे दोन पूर्णांक चार दशांश! एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणीही विचारील. परंतु हे दोन स्वर एकदम वाजू लागले, की सेकंदास सुमारे अडीच वेळा आवाज लहानमोठा होऊन थरथरतो. पंचमाच्या बाबतीत असे जाणवत नाही, कारण खरा पंचम ३६० चा आणि पट्टीवरील पंचम ३५९.६ चा. मुलगी पंचमावर थांबली तेव्हा सारे गोड लागले आणि गांधारावर थांबली की खटकले, ह्याचे कारण हे. ती बेसूर गात नव्हती. ती ३०० वर होती, मी ३०२.४ वर होतो, आणि दोष तिच्या पदरी घालीत होतो.

पट्ट्यांचे असे समान वाटे करणाऱ्यांस मूर्ख समजण्याचे कारण नाही. युरोपातील संगीतात एकाच वेळी अनेक स्वर वाजतात आणि गीत चालू असतानाच षड्ज बदलतो. प्रत्येक स्वर अगदी खरा ठेवला, तर एका षड्जावर गोड लागणारे वाद्य दुसऱ्या षड्जावर कर्कश वाटते. म्हणून त्यांनी सर्व षड्जांवर थोडी थोडी चूक सारखी वाटून टाकली, म्हणजे कोणावरच फार अन्याय होत नाही. त्यांच्या कामापुरती ती तडजोड शहाणपणाचीच आहे. आपल्या संगीताची गोष्ट वेगळी. येथे षड्ज एकदा धरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही आणि तंबोरा मागे अखंड वाजत असतो. त्यामुळे येथे ती तडजोड कशासाठी करायची, हाच प्रश्न उरतो.

ही तडजोड आपल्या देशात आली ती पेटीबरोबर. पॅरिस येथील अलेक्सांद्र दबँ ह्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायांनी भाता मारण्याची ही वाद्ये मिशनरी लोकांनी प्रार्थनामंदिरांसाठी हिंदुस्थानात आणली, आणि पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी, त्यांत द्वारकानाथ घोष यांचे नाव प्रमुख आहे, हाताने भाता मारण्याची, जमिनीवर बसून वाजविता येईल अशी पेटी घडविली. महाराष्ट्राने तर तिला घरातलीच केली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकांचे युग सुरू झाले. त्या नाटकांच्या साथीत पेटी व ऑर्गन ह्यांनी लवकरच असे स्थान मिळविले, की गंधर्व नाटक मंडळीच्या आठवणी सांगणारा मनुष्य ऑर्गनच्या सुरांची आठवण काढल्यावाचून राहत नसे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी पेटीवर गायकी अंगाने जे वादन केले, त्याने ह्या परदेशी वाद्याला मैफलीत मान मिळवून दिला.

तरीही काही कानांना ती बारा पट्ट्यांची चौकट खुपत होतीच. ह्यांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या ह्या गृहस्थांनी गवयांचे स्वर तारेवर मोजण्याचा उद्योग आरंभिला. पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल इतकी सोपी आहे. छत्तीस इंच लांबीची तार षड्ज देत असेल, तर शुद्ध गांधारासाठी ती २८.८ इंचांवर दाबावी लागते. पट्टीवरील गांधारासाठी सुमारे २८.५७ इंचांवर. अंतर पाव इंचाहूनही कमी, परंतु डोळ्यांना दिसण्याइतके आणि कानाला ओळखू येण्याइतके. ह्या मोजमापांत किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी त्यांस साहाय्य केले. ह्याच खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले होते. देवलांचा बावीस श्रुतींवरील ग्रंथ १९१० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांना अर्नेस्ट क्लेमंट्स ह्या इंग्रज सिव्हिलियनाची जोड मिळाली, आणि दोघांच्या खटपटीने लंडनच्या मूर अँड मूर ह्या कारखान्याकडून 'श्रुति-हार्मोनियम' तयार होऊन आली. बारांऐवजी बावीस श्रुती वाजविणारी पेटी!

१९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ह्या विषयाचा वाद विद्वानांपुढे आला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांस देवल-क्लेमंट्स यांचे गणित मान्य नव्हते. श्रुती एका आकड्यात पकडता येते काय, की राग, प्रसंग व गवई बदलला की तीही किंचित बदलते, हा तो वाद होय. तो त्या दिवशी मिटला नाही आणि मला वाटते, अजूनही मिटलेला नाही. माझा स्वतःचा कौल विचाराल तर, गांधारासारख्या स्थिर उभ्या राहणाऱ्या स्वरापुरता देवलांचा आकडा खरा आहे. दरबारीच्या आंदोलित कोमल गांधाराला मात्र कोणताच एक आकडा पुरा पडणार नाही.

त्यानंतर पेटीवर आणखी एक संकट आले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या केंद्रांवर वाजविण्यास मनाई केली. तिच्यावर आक्षेप घेणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखे थोर पुरुष होते. पेटीला मींड काढता येत नाही आणि तिचे स्वर आपल्या संगीताचे नाहीत, हे आरोप खोटे नव्हते. परंतु आरोपीला शिक्षा झाली ती एकतीस वर्षांची. १९७१ साली हे बंधन सैल झाले. दरम्यान घराघरांत, देवळांत, शाळांत आणि रंगभूमीवर पेटी वाजतच होती. ज्या वाद्यावर लक्षावधी मुले सा-रे-ग-म शिकली, ते केवळ रेडिओवर मूक होते. मनाई करणाऱ्यांनी वाद्य बंद केले, त्याचे स्वर सुधारले नाहीत. देवलांचा मार्ग कठीण होता, परंतु मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

आता विजेच्या वाद्यांकडे येऊ. येथे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. विजेवर वाजणाऱ्या आरंभीच्या वाद्यांत ज्याची कीर्ती सर्वाधिक झाली, त्या वाद्याला पट्ट्याच नव्हत्या! रशियातील लेव्ह थेरेमिन ह्या शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास एक वाद्य तयार केले. त्याच्या दोन धातूच्या दांड्यांजवळ हात नुसता हवेत हलवायचा. एका हाताने स्वर चढतो-उतरतो, दुसऱ्याने आवाज लहानमोठा होतो. कोठेही स्पर्श नाही. हाताच्या अंतराप्रमाणे स्वर अखंड सरकत असल्याने ह्या वाद्यातून मींड काढणे सोपे, आणि एका स्वरावर नेमके थांबणे मात्र महाकठीण. म्हणजे ज्या गुणाच्या अभावी पेटीवर आक्षेप आला, तो गुण विजेच्या वाद्याला जन्मतःच मिळाला होता.

मग पट्ट्या कोठून आल्या? सवयीतून. अमेरिकेतील रॉबर्ट मूग हा तरुण विद्यार्थिदशेतच थेरेमिन तयार करून विकू लागला होता. १९६४ साली त्याने जे वाद्य पुढे आणले, त्यालाच आपण सिंथेसायझर म्हणून ओळखतो. त्यातील मुख्य कल्पना समजण्यास सोपी आहे. विजेचा दाब वाढविला की वाद्यातील कंपने वाढावी, कमी केला की कमी व्हावी, अशी योजना त्याने केली. आणि तो दाब कमीजास्त करण्यासाठी पियानोसारखी पट्ट्यांची ओळ जोडली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हा दुसरा कारागीर असेच यंत्र घडवीत होता. त्याने पियानोच्या पट्ट्या जोडण्याचे नाकारले. नवे वाद्य जुन्या पट्ट्यांनी वाजविले, तर संगीतही जुनेच निघणार, असे त्याचे मत. बाजाराने मूगच्या बाजूने निकाल दिला. १९६८ साली मूगच्या यंत्रावर वाजविलेली बाख ह्या जर्मन संगीतकाराच्या रचनांची तबकडी अतिशय खपली आणि पट्ट्यांचा सिंथेसायझर जगभर गेला.

हिंदुस्थानातही तो फार लवकर आला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकन संगीतज्ञाच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला. गीता साराभाई प्रभृतींनी त्यावर रचना केल्या. त्यांच्या ध्वनिफिती कित्येक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्या सापडून २०२३ साली प्रसिद्ध झाल्या.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर विजेचे वाद्य त्याच्याही आधी शिरले होते. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील पुंगी ऐकून गावोगावच्या लोकांनी माना डोलाविल्या. ती पुंगी मुळी पुंगीच नव्हती! संगीतकार हेमंतकुमार यांचे साहाय्यक कल्याणजी यांनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या पट्टीवाद्यावर ती वाजविली होती. पुढे १९७० नंतरच्या दशकात केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मूगचा सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत रुजविला.

ह्या कालखंडातील एक प्रकरण जरा सविस्तर सांगितले पाहिजे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदात काम करणारे वादक. १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे मंद्र स्वरांचे लहानसे यंत्र. त्यांवर त्यांनी भैरवी, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर वाजविले. टीबी-३०३ मध्ये एक सोय होती: एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता सरकत जाण्याची. पाश्चात्त्य वादक तिचा उपयोग तुरळक करीत. चरणजित सिंग यांच्या कानाला मात्र ती ओळखीची वाटली असली पाहिजे, कारण रागाची चाल त्या सरकण्यातूनच उमटते. तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात त्याच टीबी-३०३ वर नाचाच्या संगीताचा एक नवा पंथ निघाला. २०१० साली मुंबईची ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिकांनी आश्चर्याने तोंडात बोटे घातली. पंथ निघण्यापूर्वी पाच वर्षे मुंबईत कोणी अगदी त्याच चालीने वाजवून गेले होते! चरणजित सिंग २०१५ साली वारले. आयुष्याच्या अखेरीस का होईना, त्यांस युरोपात जाऊन आपले राग वाजविण्याचे भाग्य लाभले.

येथपर्यंतची यंत्रे विजेच्या दाबावर चालणारी. अंकांवर चालणारी यंत्रे म्हणजे काय, हे समजण्यासाठी चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. पडद्यावरील मनुष्य चालताना दिसतो; वस्तुतः सेकंदास चोवीस स्थिर चित्रे आपल्या डोळ्यांपुढून जात असतात. ध्वनीचेही तसेच करता येते. हवेचा दाब दर क्षणी किती होता, तो मोजून आकडा लिहून ठेवावयाचा. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर असे आकडे सेकंदास ४४,१०० वेळा लिहिलेले असतात आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक असतो. गणकयंत्राने आकडे रचून त्यांतून संगीत काढण्याचा पहिला कार्यक्रम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली लिहिला होता. परंतु ते यंत्र खोलीभर जागा व्यापणारे. १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे एका स्वराला आंदोलन देण्याचे प्रयोग करीत होते. आंदोलन जलद, आणखी जलद करीत गेले तेव्हा ते आंदोलन म्हणून ऐकू येईना. स्वराचा रंगच पालटला आणि घंटेसारखे, पितळी वाद्यासारखे आवाज निघू लागले. ह्याच युक्तीवर यामाहा कंपनीने १९८३ साली डीएक्स-७ हे वाद्य काढले. लहान आकाराची, थोड्या पैशांची कॅसिओटोन वाद्ये १९८० पासूनच निघू लागली होती. ती आपल्याकडे इतकी पसरली, की कोणत्याही कंपनीच्या लहान वाद्याला 'कॅसिओ' म्हणण्याची आपल्याला सवयच लागली.

१९८३ सालीच आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांस एकमेकांशी बोलता यावे म्हणून अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने 'मिडी' नावाची एक सामाईक भाषा ठरविण्यात आली. आज ध्वनिमुद्रणगृहातील गणकयंत्रापासून खेळण्यातील वाद्यापर्यंत सर्व ही भाषा समजतात. ह्या भाषेत स्वराला नाव नाही, क्रमांक आहे: शून्यापासून १२७ पर्यंत. साठावा क्रमांक पियानोच्या मध्यभागीचा स्वर, एकसष्टावा त्यापुढील पट्टी. साठ आणि एकसष्ट यांच्यामध्ये काय? मूळ कल्पनेप्रमाणे काही नाही. देवलांनी ज्या चौकटीविरुद्ध खटपट केली, ती चौकट अशा रीतीने जगातील सर्व वाद्यांच्या भाषेतच शिरली.

न्यायाने सांगावयाचे, तर त्या भाषेत एक खिडकीही ठेवलेली आहे. वाद्याच्या डाव्या बाजूस जे चाक किंवा दांडी असते, ती फिरविली की स्वर सरकतो, आणि त्या सरकण्याच्या १६,३८४ पायऱ्या सांगण्याची तरतूद मिडीत आहे. श्रुतीच काय, श्रुतीचा शतांशही त्यात सहज मावतो. अडचण एवढीच, की त्या चाकाने एका मार्गावरील सर्व स्वर एकदमच सरकतात. डाव्या हाताने चाक आणि उजव्या हाताने पट्ट्या असा दोन घोड्यांवरचा प्रवास करावा लागतो. आपल्याकडील कुशल वादक तो लीलेने करतात. सनईची, बासरीची आर्त मींड सिंथेसायझरवर ऐकली असेल, तर त्यात अर्धे श्रेय त्या डाव्या हाताला द्यावे.

ह्या यंत्रांनी माणसांच्या जीवनात काय केले, तेही पालकांस सांगितले पाहिजे. मुंबईच्या चित्रपटगीतांसाठी एके काळी पन्नास, कधी शंभर वादक एका खोलीत बसत. त्यांत गोव्याहून आलेले वादक पुष्कळ. गावच्या चर्चच्या शाळेत व्हायोलिन व स्वरलिपी शिकून ते मुंबईस येत. एकोणीसशे नव्वदच्या दशकात सिंथेसायझर व गणकयंत्रे यांवर एकटा मनुष्य साऱ्या वाद्यवृंदाचे काम करू लागला आणि त्या मोठ्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. हातातील कला शाबूत, परंतु बोलावणे बंद, अशी पाळी शेकडो कुटुंबांवर आली. उलट बाजूने पाहता, ज्याच्यापाशी वाद्यवृंदाचे पैसे नाहीत अशा खेड्यातील मुलालाही आज आपले गीत रचून ऐकविता येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरीची भरपाई होते असे मात्र मी म्हणणार नाही.

तंबोऱ्याचेही असेच झाले. बंगलोरचे जी. राज नारायण हे अभियंते व बासरीवादक. त्यांनी १९७९ साली विजेचा तंबोरा पुढे आणला. पुढे तो डबा घरोघर आणि आता मोबाइलमध्ये आला आहे. मिरजेच्या कारागिरांचे तंबोरे पंढरपूरच्या परिसरातील भोपळ्यांपासून बनतात. वारी जिकडे जाते तिकडूनच तंबोरा येतो, म्हणावयाचे! मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डब्यातील तंबोरा सोयीचा आहे ह्यात शंका नाही. परंतु तार पिळून, जवारीखालचा दोरा केसभर सरकवून, स्वयंभू गांधार उमटेपर्यंत वाट पाहण्यात कानाला जे शिक्षण मिळते, ते कळ दाबून मिळत नाही. ज्या पालकांस शक्य असेल त्यांनी मुलांस एकदा तरी खऱ्या तंबोऱ्याजवळ बसवावे.

देवलांचे काम अपुरे राहिले, ते पुढे कोणी केले काय? केले. डॉ. विद्याधर ओक हे व्यवसायाने डॉक्टर आणि पंडित गोविंदराव पटवर्धन यांचे पेटीतील शिष्य. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. षड्ज व पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती, आणि जी हवी ती राग सुरू करण्यापूर्वी खुंटी ओढून निवडावयाची. दोन आणि वीस मिळून बावीस. शंभर वर्षांपूर्वीची सांगलीची जिद्द येथे पुन्हा भेटते.

आपल्या शाळेपाशी अशी पेटी नाही, आणि आहे तो सिंथेसायझर टाकून देण्याची श्रीमंतीही नाही. परंतु त्याची पुस्तिका मी प्रथमच शेवटपर्यंत वाचली, तेव्हा आढळले की बारा पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे चढविता-उतरविता येते. दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग कल्पून, हवे तितके भाग कमीअधिक करावयाचे. भूपासाठी मी असे आकडे घातले: ऋषभ चार भाग वर, गांधार चौदा भाग खाली, पंचम दोन भाग वर, धैवत सोळा भाग खाली. मग त्या मुलीला बोलाविले, माझी चूक तिला सांगितली, आणि प्रार्थना पुन्हा म्हणावयास लाविली. ती गांधारावर थांबली. थरथर नव्हती. मी पट्टी दाबून धरली होती, परंतु पट्टीचा आवाज वेगळा असा ऐकूच येईना. तो तिच्या आवाजात मिळून गेला होता. तिला वृंदात घेतले, हे सांगावयास नकोच.

एका रागाचे आकडे दुसऱ्यास चालत नाहीत. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच. तरी देसकाराचा धैवत भूपाच्या धैवताहून चढा, असे जाणते सांगतात, आणि देसकार लावून पाहताना मला तो पट्टीपेक्षाही सहा भाग वर घ्यावासा वाटला. षड्ज बदलला तर सर्वच आकडे नव्या पट्ट्यांवर हलवावे लागतात. म्हणून नेहमीच्या आठ प्रार्थनांचे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा वाद्याच्या पेटीच्या झाकणास आतून चिकटविला आहे. इंग्रजी गीतांत अनेक स्वर एकदम वाजतात व षड्जही बदलतो. तेथे मूळची समान वाटणीच बरी. तेव्हा इंग्रजी गीतापूर्वी सर्व आकडे शून्यावर आणावे, एवढी वाजविणाऱ्यांस विनंती आहे.